चूलबंद वजाबाकी

त्या गावात कावळ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. कामरगावहून धनजकडे जाताना डाव्या हाताला जे गाव लागतं, तिथे सुंदरबाईच्या अंगणातल्या मुगवड्या, शाळेच्या खिचडीची सांडलेली शितं आणि बसथांब्यावरची भजी यांवर कावळ्यांच्या कित्येक पिढ्या सुखाने पोसल्या गेल्या होत्या. माणसाच्या हातातला घास नेण्याइतके ते धीट होते. अशा गावात नथ्थू सरांच्या दहाव्याला निम्मं गाव सकाळपासून नदीकाठी बसलं होतं, समोर भाताचा पिंड होता, आणि कावळा शिवत नव्हता.

कावळे आले नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर ते ओळीने बसले होते. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांसारखे मान तिरपी करून सगळ्यांकडे पाहत होते. फक्त खाली उतरत नव्हते.

पिंडासमोर सुचिता बसली होती. ती सरांची एकुलती एक लेक, अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मुलीने विधी करावेत की नाही यावर आधीचे नऊ दिवस गावात चर्चा झाली होती आणि ती संपायच्या आत विधी झालेही होते. सुचिताचा कावळ्यावर विश्वास नव्हता. कावळ्यांच्या वागणुकीवर तिने एक जाड पुस्तक वाचलं होतं. भरपूर गर्दी आणि अनोळखी वस्तू दिसल्यावर कावळा सावध होतो, हे तिला पानासकट आठवत होतं. तरीही तासाभरापासून ती बाभळीकडे अशी पाहत होती, जशी गावातली माणसं एस.टी.च्या वळणाकडे पाहतात. बाबा काही मनात ठेवून गेले नाहीत, एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगायला कावळ्याखेरीज दुसरं कोणी शिल्लक नव्हतं.

विधी सांगणाऱ्या महाराजांना पुढे मंगरूळला आणखी एक दहावा होता. त्यांनी घड्याळ पाहिलं, खाकरले आणि म्हणाले, "ताई, शास्त्रात सोय हाये. दर्भाचा कावया करू, पिंडाले शिववू. चालते."

"नाही," सुचिता म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं. पण दर्भाचा कावळा म्हणजे पुस्तकाच्या शेवटी पाहून उत्तर लिहिणं, आणि तिच्या बाबांनी आयुष्यभर नव्या पुस्तकांची शेवटची पानं टाचण्या मारून बंद केली होती. त्या माणसाला निरोप देताना तरी असं करणं बरं दिसलं नसतं.

"मंग इच्छा राह्यली असंन काही," महाराज म्हणाले. "बोला, ज्याले जे माहीत अशीन ते बोला. वचन द्या."

एवढं म्हणायचा अवकाश, की सगळा नदीकाठ कामाला लागला. गावात फुकट देता येण्यासारख्या वस्तू फार नसतात. वचन ही त्यातली एक.

सुरुवात रिसोडच्या दिनेशमामांनी केली. मामा म्हणजे सुचिताच्या आईचे धाकटे भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले; कोणत्याही सभेत पहिलं भाषण आपलंच, अशी त्यांची समजूत होती. ते उठले, बाभळीला उद्देशून हात जोडले आणि म्हणाले, "भाऊजी, घराच्या स्लॅबची काळजी करू नका. गळते ते मी पाहून घेतो."

कावळे हलले नाहीत.

"तुमची स्कूटर विकत नाही."

एका कावळ्याने पंख खाजवला.

मामांनी मग मोठा श्वास घेतला. "सुचिताचं लगन मी लावून देतो!"

सुचिता एकेचाळीस वर्षांची होती. लग्न हा विषय तिने पंधरा वर्षांपूर्वी अतिशय सभ्यपणे मिटवला होता, आणि आता तो नदीकाठी, तिच्या परवानगीशिवाय, एका पक्ष्यापुढे ठेवला गेला होता. निम्म्या गावाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाभळीकडे. सगळ्यात पुढच्या फांदीवरच्या कावळ्याने मान पलीकडे फिरवली. सुचिताला त्या कावळ्याविषयी आदर वाटला.

कडुलिंबाखाली बायकांमध्ये तिची आई पंचफुलाबाई बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "दिन्या, खाली बैस. त्याले राग येईन."

मग सुंदरबाई आली. ती भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. दोन्ही घरांत काय शिजतं ते तिला वासावरून कळत असे. तिने पदराखालून जिलेबीचा पुडा काढला. "वहिनी, सराईचं मन यातच हाये. दर बजाराले दुकानापुढून जाताना कसे पाहत!"

"शुगर होती त्याले," पंचफुलाबाई म्हणाली.

"आता काय करते शुगर?"

जिलेबी पिंडाशेजारी ठेवली गेली. त्यानंतर कोणी भजी आणली, कोणी साखरेचा चहा आणला. एकाने सरांना आवडायचा म्हणून तंबाखूचा विडा आणला, तेव्हा पंचफुलाबाई पहिल्यांदा चमकली. "विडा? कवापासून?" विडा आणणारा गर्दीत दिसेनासा झाला. पिंडाभोवती आता छोटंसं हॉटेल उभं राहिलं होतं आणि पुस्तकातल्या त्या पानाप्रमाणे कावळे एक फांदी वर सरकले होते.

तेवढ्यात मागून धीरज उठला. धीरजचं बसथांब्याजवळ बी-बियाण्यांचं दुकान होतं. तो सरांचा जुना विद्यार्थी. पण तशी ओळख करून देण्यात अर्थ नव्हता, कारण गावात सरांचा विद्यार्थी नसलेला माणूस शोधावा लागला असता. शाळेतून निवृत्त झाल्यावरही सर रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या सभागृहात नववी-दहावीला गणित शिकवत. धीरजची पुतणी त्या वर्गात होती.

"मी सांगू का?" तो चाचरत म्हणाला. "शेवटच्या दिवशी सरायनं फयावर एक गणित देल्लं होतं. म्हणाले, घरून सोडवून आना, उद्या सांगतो. अन् तो उद्या..."

बाभळीवरचे कावळेही गप्प झाले. निदान तसं वाटलं.

"कोणतं गणित?" महाराजांनी विचारलं.

"बैजिक अपूर्णांकाची वजाबाकी. छेद येगयेगळे असलेली."

"अरे देवा," महाराज म्हणाले. तेही सरांचेच विद्यार्थी होते.

पण सगळ्या नदीकाठाला एकदम पटलं. स्लॅब, स्कूटर, जिलेबी यांपायी नथ्थू सर अडून राहतील हे कोणालाच मनातून खरं वाटलं नव्हतं. अर्धवट गणितापायी मात्र हा माणूस वैतरणीच्या काठावर पाय रोवून उभा राहील, याबद्दल दुमत नव्हतं.

आता गणित आणायचं कुठून? पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, वही शाळेत जमा आहे, पण फळा तसाच आहे. सरांचं अक्षर म्हणून कोणी पुसला नाही. सभागृहाला मात्र कुलूप होतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती आणि सभागृहात मतपेट्यांचं सामान येणार होतं. चावी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, आणि ते कारंज्याला बैठकीत. नदीकाठी मोबाईलला रेंज फक्त स्मशानशेडच्या तिसऱ्या पायरीवर मिळे, म्हणून धीरज तिथे एका पायावर उभा राहिला.

साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "माझी ना नाही. पण लेखी अर्ज द्या. व्हॉट्सॲपवर चालेल. विषय स्पष्ट लिहा."

धीरजने विषय स्पष्ट लिहिला: "कावळा शिवत नसल्यामुळे सभागृहातील फळा पाहू देण्याबाबत."

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: "फळा पाहिल्याने कोणत्याही उमेदवाराचा प्रचार होणार नाही, असं एक वाक्य जोडा. मी वर विचारतो."

"वर म्हणजे?" सुंदरबाईने विचारलं आणि आभाळाकडे पाहिलं.

अर्ज वर विचारला जात असताना पानटपरीवाला लखमा मोटारसायकल घेऊन गावात गेला, सभागृहाच्या खिडकीला नाक लावलं आणि फोटो काढून पाठवला. पहिल्या फोटोत काचेत लखमाच दिसत होता. दुसऱ्यातही लखमाच होता, पण जरा बाजूला सरकलेला, आणि त्याच्या कानामागे फळा होता. हिरव्या फळ्यावर ते ठसठशीत, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर पाहून सुचिताने फोन धीरजच्या हातात परत दिला. "तू वाच," ती म्हणाली.

धीरजने वाचलं: "तीन छेद एक्स वजा दोन. त्यातून वजा करायचे, कंसात एक्स वजा पाच, छेद एक्स वर्ग वजा चार."

"एवढंच ना?" दौलतसिंग पुढे सरसावले. ते माजी सरपंच, सरांचे जुने मित्र. दोघे रोज सकाळी एकत्र फिरायला जात आणि रोज भांडून परत येत. गावात सरांकडे न शिकलेला तो एकच माणूस होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "वरचं वरून वजा, खालचं खालून वजा. दो मिनिट का काम. नथ्थू उगाच बाऊ करे."

गर्दीतून हुंकार उठला. देवळात कोणी चपला घालून शिरावं तसा.

"सिंगसाहेब, तसं नाही होत जी," धीरज म्हणाला. "सर सांगत, एकाचा माल कॅरेटमंदी हाये, दुसऱ्याचा पोत्यात, कट्ट्यात. कॅरेटातून कट्टा वजा होत नाही. आधी दोघाईचा माल एकाच मापात आना, मंग वजा करा."

"मग आणा," दौलतसिंग म्हणाले. "कोण आणते?"

सगळे सुचिताकडे पाहू लागले. सरांची लेक. गणित वारशातच आलं असणार, असं एक निरागस समाधान प्रत्येक चेहऱ्यावर होतं.

वस्तुस्थिती अशी होती की, सुचिताला दहावीला गणितात अडतीस मार्क होते. सरांनी तिला एकही दिवस शिकवलं नव्हतं. स्वतःच्या पोरीला शिकवताना माणूस एक तर चिडतो, नाहीतर उत्तर सांगून टाकतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी तिला आठवीपासून अकोल्याला मावशीकडे ठेवलं होतं. घरी आल्यावर ती पुस्तकं वाचत बसे आणि ते मुलांचे पेपर तपासत बसत. दोघांचं उत्तम जमे. फक्त गणिताविषयी दोघं कधी बोलले नाहीत.

पण निम्म्या गावासमोर अडतीस मार्कांचा उच्चार करणं तिला शक्य नव्हतं. तिने काडी घेतली, ओल्या वाळूचा एक भाग हाताने साफ केला आणि गणित लिहिलं. लिहिता लिहिता काही काही आठवू लागलं. एक्स वर्ग वजा चार म्हणजे एक्स वजा दोन गुणिले एक्स अधिक दोन. म्हणजे पहिल्या अपूर्णांकाच्या छेदात एक्स अधिक दोन कमी पडतो. तो खाली द्यायचा आणि अन्याय नको म्हणून वरही द्यायचा.

"बराबर," धीरज पुटपुटला.

तिनाने एक्स अधिक दोनला गुणलं, तीन एक्स अधिक सहा. आता दोन्हीकडे माप एक झालं. त्यातून एक्स वजा पाच वजा करायचे. तीन एक्समधून एक्स गेला, दोन एक्स. सहातून पाच गेले, एक. सुचिताने खाली रेघ मारली आणि थोड्या मोठ्या अक्षरात उत्तर लिहिलं: दोन एक्स अधिक एक, छेद एक्स वर्ग वजा चार.

"शाब्बास!" मामा म्हणाले. "एकच येते. मीही मनात एकच आणलं होतं. भाऊजी, सुटलं!" आणि त्यांनी बाभळीकडे हात जोडले.

बाकी कोणी हात जोडले नाहीत. लोक पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागले. महाराजांनी पंचांग उघडून मिटलं.

"काय झालं?" सुचिताने विचारलं.

"काही नाही, ताई," धीरज म्हणाला. "ते... आवतन."

"कोणतं आवतन?"

"वजाचं."

"वजाचं कसलं आवतन?"

धीरजने असहायपणे मागे पाहिलं. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "चूलबंद." मग दुसऱ्याने म्हटलं. मग कडुलिंबाखालच्या बायकांतून आलं. आणि मग, इतक्या वर्षांची सवय माणसाला किती वेळ दाबता येणार, सगळा नदीकाठ एका सुरात, वर्गात म्हणावं तसा हेल काढून ओरडला:

"चूऽलबंऽद!"

बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उडाले. त्यांतला एक तर खालच्या दगडापर्यंत उतरला होता, असं सुंदरबाई पुढे कित्येक दिवस सांगत असे. तोही गेला. आभाळ स्वच्छ झालं.

सुचिता काडी हातात धरून उभी होती. मग एकेकाने तिला समजावायला सुरुवात केली आणि सगळे एकदमच समजावू लागले. गावात लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाला. आणि दुसरं चूलबंद, म्हणजे त्या घरची चूल आज पेटवायचीच नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. सर सांगत की, कंसाच्या दारात उभा राहिलेला वजा हा चूलबंद आवतन घेऊन आलेला असतो.

"म्हाताऱ्याले, सुनेले, पायण्यातल्या पोराले, सबन्याईले!" लखमा म्हणाला. तो नुकताच परत आला होता आणि मोटारसायकलवरून उतरलाही नव्हता.

"पयल्याले जेवाले नेता अन् मागच्याले घरी उपाशी ठेवता? लाज नाही वाटत?" हे शिंपीकाम करणारी चंदा म्हणाली. ती म्हणाली म्हणण्यापेक्षा तिच्या तोंडून दुसरंच कोणीतरी म्हणालं. तो आवाज, ती मान हलवणं, 'लाज' या शब्दावर थांबणं. तिच्याशेजारची बाईही तसंच म्हणाली. महाराजही तसंच म्हणाले, बोट वर करून.

घरात बाबा असे कधी बोलत नसत. घरात ते हळू बोलत, आणि कमी.

सुचिताने वाळूकडे पाहिलं. कंसात एक्स वजा पाच. तिने एक्सला जेवायला नेलं होतं आणि वजा पाचाला घरी ठेवलं होतं. वजा पाचालाही आवतन होतं; वजाची वजाशी गाठ पडून अधिक पाच होणार होते. सहा आणि पाच.

तिने एक पुसला आणि तिथे अकरा लिहिले. दोन्ही एक नीट, सावकाश काढले. कोणी घाई केली नाही.

"दोन एक्स अधिक अकरा," धीरज म्हणाला. "आलं, ताई."

मामा मात्र अधिक एकच बरोबर आहे म्हणत राहिले. बँकेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला चूलबंद कोण शिकवणार? पण त्यांच्या बाजूला कोणी उरलं नव्हतं.

उत्तर आलं. कावळा मात्र नव्हता. सगळ्यांनी बाभळीकडे पाहिलं, पलीकडच्या तुरीच्या शेताकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. स्वतःच ओरडून कावळे उडवल्याची खंत चेहऱ्याचेहऱ्यावर दिसत होती. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि दारात कुत्रं भुंकावं तसं झालं होतं. महाराजांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

सुचिताच म्हणाली, "महाराज, दर्भाचा करा."

"चालते तुमाले?"

"चालते."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की, पंचफुलाबाईने कडुलिंबाखालून मान उंच करून लेकीकडे नीट पाहिलं. मग पदर सारखा केला. महाराजांचा दर्भ मोटारसायकलच्या डिकीत होता. तो आणायला ते गेले. लोक उठून अंग मोकळं करू लागले. कोणी भांडी गोळा करायला घेतली, कोणी भजी एकट्याने थंड होताहेत म्हणून त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

दौलतसिंग तेवढे उठले नव्हते. ते वाळूतल्या गणितापुढे उकिडवे बसले होते आणि त्यांचा चेहरा रुसला होता.

"मले नाही पटलं," ते म्हणाले. "वरचं वरून गेलं, ठीक हाये. खालचं खालून काहून नाही जात? नथ्थूलेही रोज विचारे मी. तो हसे फक्त. म्हणे, एक दिवस बसून सांगतो."

सुचिता क्षणभर उभी राहिली. मग त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"काका, एक्स सोडा. अर्धी भाकर आहे तुमच्याकडे. एक छेद दोन."

"बरं."

"त्यातली पाव तुम्ही मला दिली. एक छेद चार. किती उरली?"

"पाव. हे काय विचारणं झालं?"

"आता तुमच्या रीतीनं करू. वरचं वरून. एकातून एक गेला?"

"शून्य."

"खालचं खालून. दोनातून चार गेले?"

"वजा दोन."

"शून्य छेद वजा दोन. म्हणजे किती भाकर उरली?"

दौलतसिंग वाळूकडे पाहत राहिले. त्यांच्या भुवया हळूहळू एकमेकींजवळ आल्या. "शून्य. म्हंजे काहीच नाही उरलं."

"तुमच्या हातात तर पाव भाकर आहे. मग हिशोबातून ती गेली कुठे?"

सरपंचकीच्या पंधरा वर्षांत हिशोबातून गेलेल्या वस्तूंविषयी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते आणि एकाचंही उत्तर त्यांनी अडखळत दिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "कावळ्यानं नेली असंन."

आणि त्याच वेळी सुचिताच्या पाठीमागे सगळा नदीकाठ ओरडला, "शिवला! शिवला!" भांडी खाली पडल्याचा आवाज झाला. मोटारसायकलकडून महाराजांची धावती पावलं ऐकू आली, मामांचा हुंदका ऐकू आला, आणि त्या सगळ्यांच्या वर आईचा आवाज, "सुचे, पाह्य वं! सुचे, पाह्य इकडं!"

दौलतसिंग गडबडीने हात जोडत उठू लागले. सुचिताने त्यांची बाही धरली.

"बसा, काका," ती वाळूवरची नजर न काढता म्हणाली. "आधी भाकरीचं सांगा."